मानपत्रातली ओल

कॅराडेल, व्हिक्टोरिया
११ फेब्रुवारी १८८९

प्रिय थर्झा,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. चार वर्षांत माझी तीन पत्रे गेली, तुझे उत्तर एकही नाही. तुझे मौनही तुझ्या शिवणासारखेच नेटके. कुठे टाका सुटलेला दिसत नाही.

इकडे उन्हाने कहर केला आहे. चॅपलच्या टाकीचा तळ दिसू लागला. पाद्रीबुवांची प्रवचनेही आटतील अशी आशा होती, ती फोल ठरली.

मला काम मिळाले आहे. खाण-निरीक्षक लॉडरसाहेब बदलीवर मेलबर्नला निघाले, आणि गाव त्यांना शनिवारी मानपत्र देणार. चर्मपत्रावर सोन्याचा वर्ख, कडेने इथल्या वाटल झाडाच्या पिवळ्या फुलांची नक्षी, खालच्या कोपऱ्यात आपल्या खाणीचे चित्र. विशेषणे समितीने पुरवली: कर्तव्यतत्पर, सत्यनिष्ठ, श्रमिकवत्सल.

समितीचे चिटणीस पॅस्को कापडवाले म्हणाले, "ट्रेगिअर, अजून एखादं घाला की. जागा उरलीय."

"कापड उरलं म्हणून तुम्ही सदऱ्याला तिसरी बाही लावता का?"

"तुमची जीभ तुमच्या कुंचल्यापेक्षा टोकदार आहे हो!" म्हणून ते हसले.

गेल्या सोमवारी चित्र पुरे झाले. मंगळवारी खाणीच्या तोंडाखाली बोटभर ओल दिसली. या दिवसांत शाई लेखणीवरच सुकते, तरी चर्मपत्र भिजलेले. मी टिपले, चुलीजवळ धरले, वाळले. बुधवारी ओल परतली आणि बोटभर पुढे सरकली.

छपराला गळती नाही, पाणी कुठून यायचे? मी स्वतःला मूर्ख ठरवले. त्याचा सराव आहे.

गुरुवारी ती डावीकडे वळली.

तेव्हा मी कुंचला खाली ठेवला. ते वळण मला ठाऊक होते, थर्झा. जुना बोगदा तिथेच वळतो. पाण्याने भरून टाकून दिलेला, तुझ्या-माझ्या जन्माआधीचा. त्याचा एकच नकाशा आहे, आणि तो माझ्या पेटीत आहे.

शुक्रवारी पॅस्को पाहायला आले. बोट लावून म्हणाले, "अहो, हे ओलं कसं?" मग बोट हुंगले. "खाणीतल्या पाण्याचा वास येतोय." त्यांनी टोपी घातली आणि विशेषणांबद्दल एक शब्द न काढता निघून गेले.

आता जे तीन पत्रांत लिहिले नाही, ते लिहितो.

खाणीतल्या अपघाताच्या वर्षभर आधी मी तो जुना नकाशा लॉडरसाहेबांना दाखवला होता. "बघू," म्हणाले. बघितले नाही. पाणी फुटून तुझा नवरा जाबेझ आणि त्याच्या हाताखालची दोन माणसे गेली, तेव्हा चौकशीसाठी नवा नकाशा काढायचे काम मलाच आले. साहेब म्हणाले, "जुना बोगदा कुणी पाहिलाय? कागदावर कशाला हवा?" त्यांच्याच शब्दावर मला सरकारी कामे मिळत होती. मी तो बोगदा काढला नाही. त्या नकाशात पाणी कुठेच नव्हते, म्हणून खाली उरला तो एकच दोषी: हुकूम मोडून पुढे खणणारा जाबेझ. त्याने हुकूम मोडला नव्हता. त्या दोघांची नावे स्मारकाच्या दगडावर कोरली गेली, त्याचे नाही. आणि तू गाव सोडलेस.

तुला निरोप द्यायला मी स्थानकावर आलो होतो. माझा हात शाईने काळा होता, तुला आठवते? तू म्हणालीस, "दादा, तुझ्यावर तरी माझा विश्वास आहे."

आज सकाळी ओल लॉडरसाहेबांच्या सोनेरी नावापाशी पोचली होती. मी लेखणी घेतली आणि ती जशी गेली होती तशी शाईने रेखली: वळण, खोली, पाणी फुटले ती जागा. तिथे जाबेझ पेंगेली हे नाव लिहिले, आणि तो हुकुमाप्रमाणेच खणत होता हेही. शेवटची रेघ पुरी झाली तसे चर्मपत्र माझ्या डोळ्यांदेखत वाळले.

शनिवारी सभागृहात साऱ्या गावासमोर त्यावरचा पडदा सरकेल. नवे लिहायला वेळ नाही, आणि पॅस्को ते पाहायला पुन्हा येतील असे वाटत नाही. जुना नकाशा सोबत पाठवत आहे. मला कुणी खोटे म्हटले तर तो दाखव. माझी बाजू घेऊ नकोस.

चौकशीच्या नकाशावर मी सही केली नव्हती. मानपत्रावर केली आहे, इथेही करतो. पत्रावर डाग दिसले तर ते अश्रूंचे समजू नकोस. चर्मपत्र वाळले तेव्हापासून माझी बोटे मात्र वाळत नाहीत.

तुझ्या विश्वासाचा अपराधी,
सायलस ट्रेगिअर