बलकाच्या पिशव्या

२ सप्टेंबर १९७४
दादानं आज जाहीर केलं — सुई बंद! तीन झाल्या, चौथी घेणार नाही. मानेतल्या गाठींच्या कॅन्सरवर पुण्याच्या डॉक्टरांनी सहा सांगितल्यात. पण प्रत्येक सुईनंतर आठवडाभर ओकाऱ्या, तोंडात फोड. डोक्यावर केस नाही, मिशीसुद्धा गेली. कोपरगावच्या कारखान्यातला नंबरी फिटर, आता पानाही पेलवत नाही.
'आजारानं मरीन, पन औषधानं न्हाई!'
 वहिनीनं भाकऱ्या मात्र तीन जास्त थापल्या.
मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून सगळे माझ्याकडं बघतात. 

५ सप्टेंबर
दादा मला विचारतो, 'पुष्पे, गाठ मानेत हाय, मग पोटाला न् केसाला का मारतंय ते औषध?'
सांगितलं — भराभर वाढणारी पेशी दिसली की ते मारतं. चोर कोण, साव कोण, त्याला कळत नाही.
'म्हंजी एका नटाचा गंज काढाया सगळी मशीन ॲसिडात बुडवायची! कुना येड्याचं डोकं हे?'
चिडला होता, पण हसला. किती दिवसांनी!

१४ सप्टेंबर
पुण्याला जाऊन आले. ग्रंथालयात दिवसभर. सापडलं! विलायतेतल्या एका मासिकात, दोनच पानं. अंड्याच्या बलकातली एक चरबी असते. ती पाण्यात हलवली की आपोआप पोकळ गोळ्या होतात — केसाच्या जाडीत शंभर मावतील एवढ्या! त्यात औषध कोंडायचं. पिशवी बंद, तोवर शरीराला कमी त्रास. पेशीनं ती गिळली की औषध आत. कॅन्सरच्या गाठीत ती जास्त जाईल अशी त्यांना आशा आहे. नुसती आशा, पण आहे.
सगळं उतरवून घेतलं. बोटं दुखली. येताना एस.टी.त उभीच होते, कळलंही नाही.

१५ सप्टेंबर
करून बघणार. औषध नाही, नुसता निळा रंग कोंडून. दादाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

१७ सप्टेंबर
वहिनीच्या कोंबड्यांची सहा अंडी नेली. प्रयोगशाळेतले शिपाई छगनमामा म्हणाले, 'म्याडम, कांदा-मिरची आणू का?'
चाळीस मिनिटं फ्लास्क गरम पाण्यावर हातानं फिरवला. शेवटी काय? नासलेलं आम्लेट! वासानं शेजारचा फिजिक्सचा वर्ग सुटला.

२१ सप्टेंबर
पुन्हा नासलं. वहिनी — 'वन्सं, तुमच्या पिशव्यांपायी पोरांच्या तोंडचं अंडं गेलं!' तरी चार अंडी स्वतःच फडक्यात बांधून दिली.

२४ सप्टेंबर
चूक कळली! बलक ॲसिटोननं नीट धूतच नव्हते. आज पाच वेळा धुतला. तेल गेलं, खाली पिवळा चिकट गोळा राहिला. तो क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला, क्लोरोफॉर्म उडवून फ्लास्कच्या काचेवर पातळ थर चढवला. मग निळं पाणी घालून हलवलं — दुधासारखं झालं! निळं दूध!
पण रंग आत कोंडलाय की नुसता बाहेर मिसळलाय? हे कसं ओळखायचं? बाहेरचा रंग काढायला लागणारी बारीक गाळणी कॉलेजात नाही.

२६ सप्टेंबर
बोकडाचं आतडं! त्यातून सुटा रंग झिरपेल, पिशव्या अडकतील. छगनमामांनी बाजारातून आणलं, स्वतः धुतलं. वर म्हणाले — 'मला वाटलं आज वजडीचं कालवण.' निळं दूध त्यात भरून दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधली, पाण्याच्या बादलीत सोडलं. सकाळपासून पाच वेळा पाणी बदललं. आधी निळं, मग फिकं.

२७ सप्टेंबर
पाणी स्वच्छ झालं. आतडं कापलं — आतलं दूध अजून निळं!! रंग आतच राहिला! मी ओरडले. छगनमामांना वाटलं भाजलं, ते पाण्याची बादली घेऊन धावले.

२८ सप्टेंबर
छोट्या बाटलीत निळं दूध घालून घरी आणलं. दादा ओट्यावर बसला होता. सगळं समजावलं.
'हे मला टोचनार?'
'नाही दादा. ह्यात औषध नाही.'
'मग औषधाचं कवा यील?'
खोटं बोलता आलं असतं. वहिनी दारातून डोळ्यांनी सांगत होती, बोला खोटं. नाही जमलं. म्हणाले, 'आत्ता कुठं उंदरांवर चाललंय. दहा वर्षं लागतील. वीससुद्धा.'
 मला वाटलं, संपलं. उरलीसुरली आशा मीच मोडली.
मग त्यानं बाटली उन्हात धरली, डोळे बारीक करून बघितली. 'म्हंजी लोक हात टेकून बसल्याली न्हाईत. करत्यात काय तरी.'
'करतात.'
'मग तवर जगाया पायजे की गं! पार्ट मिळंस्तवर तारंनं बांधून मशीन चालवतोच आपन. पुष्पे, चौथी सुई कवा हाय?'
वहिनी आत गेली. बराच वेळ फक्त भांड्यांचा आवाज.

७ ऑक्टोबर
दादा-वहिनी पुण्याहून आले. सुई झाली. दादा पिवळा पडलाय, चहाही पोटात ठरत नाही. पण शिव्या जोरदार! चांगलं लक्षण.
कपाटातली बाटली मात्र गायब. विचारलं तर वहिनी पदरात हसते.

१२ ऑक्टोबर
कळलं! दादानं बाटली धोतराच्या घडीत घालून थेट मोठ्या डॉक्टरांसमोर ठेवली होती. 'माझ्या भनीनं केलंय. आतडं धुन्यापास्नं सांगू का?' आणि सगळं सांगितलं म्हणे, बाहेर रांग लागलेली असताना! मी लाजेनं मेले. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र दोघंही सांगत नाहीत.

४ नोव्हेंबर
पाचवी सुई झाली. डॉक्टरांनी मान चाचपली, परत चाचपली. गाठ हाताला लागत नाही! साध्याच औषधानं. माझ्या पिशव्यांचा त्यात काडीचा वाटा नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. सहावी घ्यायचीच आहे. वहिनीनं गल्लीभर पेढे वाटले, मग कोपऱ्यात बसून एकटीच रडली.

९ नोव्हेंबर
डॉक्टरांचं पत्र. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर हेच काम सुरू होतंय, 'आतड्यावर भागवणारी बाई' त्यांना पाहिजे. दादानं मला न विचारता महिन्यापूर्वीच हो सांगून टाकलंय.
राजीनामा लिहिला.