साधा फॉर्म काढला तेव्हा

३ जून, मंगळवार

काढून टाकला एकदाचा! डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचा, तपासणीची वेळ घ्यायचा साधा फॉर्म. नाव, तारीख, एक बटण — फोनमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे पानामागे चालणारा छोटा प्रोग्राम, बंद असली तरी चालायचा. नवा देखणा आहे, पण स्क्रिप्ट नसेल तर पान नुसतं पांढरं. साहेब म्हणाले, "आकडे बघा ना. स्क्रिप्टशिवाय येणारे शून्य. शून्य माणसांसाठी किती दिवस राबणार?" मी मान डोलावली. दोन वर्षं जपलेला फॉर्म दोन मिनिटांत गेला.

११ जून

काहीतरी डाचतंय. काय, ते सापडत नाही.

१९ जून

नवरा म्हणतो, जेवताना तरी घरी असत जा. समोरच तर बसले होते! पण डोक्यात तेच. शून्य म्हणजे अगदी शून्य? जुने फोन काय सगळे भंगारात गेले? एखादा तरी दिसायला हवा होता.

२१ जुलै, सोमवार

ऑफिसात कप विसळता विसळता थांबले. येणाऱ्यांची मोजणी करतं कोण? स्क्रिप्टच! ज्याच्याकडे ती बंद, तो मोजलाच जात नाही. "गैरहजर असतील त्यांनी हात वर करा" म्हणायचं, आणि हात दिसला नाही की सगळे हजर धरायचे — तसलं हे. इतकी वर्षं हेच काम करते. अक्कल कुठे गहाण ठेवली होती?

साहेबांना सांगितलं. आधी म्हणाले, "बघू." मग, "लावा परत. आजच."

२२ जुलै

फॉर्म लागला, मन लागत नाही. जुन्या नोंदी काढल्या. दर महिन्याच्या इंजेक्शनची वेळ त्या फॉर्मवरूनच घेणारे सात जण. इंजेक्शन चुकलं की नजर कमी होत जाते, गेलेली परत येत नाही.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईंना विचारलं. सहा जण स्वतः येऊन वेळ घेऊन गेले, वेबसाइटच्या नावाने खडे फोडत. मग आम्हाला कळवलं का नाही? "आम्हाला वाटलं, त्यांचेच फोन जुने." सातव्या एक निवृत्त ग्रंथपाल. एकट्या राहतात. दोन महिने फिरकलेल्या नाहीत. "दुसरीकडे जात असतील हो," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. असतील. तसंच असू दे. नंबर लिहून घेतलाय, पण लावायचं धाडस होत नाही.

२३ जुलै

लावला. त्यांनीच उचलला. आवाज अगदी शांत. "फोन अडकायचा म्हणून दुकानदाराने त्यातलं काहीतरी बंद करून दिलं होतं. तेव्हापासून छान चालायचा. जूनमध्ये तुमचं पान उघडलं, तर एक अक्षर दिसेना. दुसऱ्या दिवशीही तेच. अक्षरं आधीच धूसर झालेली; म्हटलं, संपलं, नजर गेली. मग इंजेक्शन घेऊन काय करायचं?"

मी सांगितलं — बाई, पान कोरंच होतं. चूक माझी.

मग म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा दिसत होतं मला."