परसदारातली माती दिपमालाच्या नावे

मी, यादव हिलाल बैसाणे, वय ५६, धंदा वार्ताहर, शिक्षण एम.ए. संस्कृत (या दोहोंचा परस्परसंबंध मलाही सापडलेला नाही), राहणार शिंदखेडा, जि. धुळे, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्या दडपणाखाली नाही. धाकटा भाऊ बुद्धभूषण सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसला आहे. पण ते दडपण नव्हे, त्याची सवय आहे. येत्या गुरुवारी धुळ्याला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको. म्हणून ही काळजी आजच घेतो.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. थोरली बहीण तानुबाई, म्हणजे आमची अक्का, हिने त्यात हयात असेपर्यंत राहावे. बँकेतली शिल्लकही तिचीच. तिच्यामागे घर दिपमालाचे. दिपमाला ही बुद्धभूषणची मुलगी. नरडाण्याच्या कारखान्यात पाळीने काम करते. मला मूलबाळ नाही.

२. संस्कृत पुस्तके गावातल्या वाचनालयास द्यावीत. त्यांनी न घेतल्यास पुन्हा एकदा विचारावे. त्यानंतर वाळवीचा हक्क मी मान्य करतो.

३. घरामागचे परसदार, चौदा बाय बत्तीस फूट, हे आजचे खरे प्रकरण. तिथे पेव्हर ब्लॉक टाकून गाडी लावावी, असे बुद्धभूषणचे म्हणणे. ब्लॉक आणूनही ठेवले आहेत. "भाऊ, माती म्हणजे कटकट. ब्लॉक एकदा टाकले की बघायचंच काम नाही." बघायचे काम नसलेली बागही असते, हे त्याला पटत नाही. मलाही गेल्या वर्षापर्यंत पटत नव्हते.

४. ते पटले कसे, हे नोंदवून ठेवतो. तेव्हा माझे अकरा गुलाब होते आणि मी त्यांचा नोकर होतो. छातीत दुखल्यामुळे बावीस दिवस धुळ्यात राहावे लागले. जाताना गुलाब अक्काच्या हवाली केले आणि भिंतीलगतची पाच क्षुल्लक रोपे दिपमालाच्या. आमच्या गल्लीला पाणी आठव्या दिवशी येते. ताजे पाणी आले की साठवलेले पाणी शिळे ठरते आणि अन्नाप्रमाणे तेही टाकवत नाही. अक्काने तिन्ही वेळा ड्रमच्या ड्रम गुलाबांत ओतले. मी परतलो तेव्हा अकराही मुळाशी कुजलेले. "शियं पानी फेकी का देऊ रे भो? झाडस्ले बठ्ठं टाकी दिधं. त्यास्ले तहान नही लागस का?" अक्काच्या हातून आजवर कोणी उपाशी मेले नाही. गुलाब पोट भरून मेले.

दिपमाला दोन दिवस मला तोंड दाखवेना. तिसऱ्या दिवशी आली आणि रडवेली होऊन म्हणाली, "नाना, डबल ड्युटी होती. मी एकदाही पाणी नाही घातलं. विसरलेच." मी तिला भिंतीपाशी नेले. पाचही रोपे उभी होती. सदाफुलीला तर फुले होती.

५. सबब परसदार मी दिपमाला हिला देतो. तिने परवा स्पष्ट नकार दिला आहे: "नाना, नको. माझ्या हातून चार्जरसुद्धा मरतो." हा नकार मी ऐकला, समजलो आणि फेटाळला. विस्मरण हीच या वारशाची पात्रता आहे. तथापि पुढील दोन पावसाळ्यांत तिने लेखी नकार दिल्यास, किंवा तिथे सिमेंटचे एक घमेलेही पडल्यास, ती जागा गल्लीतल्या विहाराकडे बागेसाठी जाईल. गाडीसाठी कदापि नाही.

६. दिपमाला, तुझ्यासाठी सूचना. पहिल्या वर्षी पाचच झाडे लाव: कढीपत्ता, गवती चहा, कोरफड, सदाफुली, शेवगा. सहावे आवडले तर त्याचा फोटो काढ. रोपांसाठीच्या जागेच्या मधोमध साधे मडके गळ्यापर्यंत पुरले आहे; ते आठव्या दिवशी भरून झाकण ठेव. पाणी झिरपत राहते, त्याला ड्युटी नसते. वरून पाणी घालायचा मोह झालाच तर आधी मातीत दोन पेरे बोट घाल. ओल लागली तर हात धुऊन घरात जा. पाला झाडू नकोस; उन्हाळ्यात तीच मातीची चादर. शेवग्याच्या शेंगा संपल्या की तो छातीइतका छाट, दया दाखवू नकोस. एखादे झाड मेले तर सुतक नाही. जगलेल्याचेच दुसरे लाव.

७. खुरपे, कुदळ, कात्री दिपमालाची. रबरी नळी अक्काच्या हाती पडू नये. ती भडगावच्या मावसभावास द्यावी. अंतर पुरेसे आहे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बुद्धभूषणने करावी. तो माझ्याशी तीस वर्षे भांडतो आहे, पण सही केलेल्या कागदाबाहेर एकदाही गेलेला नाही. ब्लॉक त्याने स्वतःच्या अंगणात टाकावेत. माझी हरकत नाही.

९. हे वाचून दाखवल्यावर बुद्धभूषण म्हणाला, "भाऊ, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. तोवर जागा तुझीच ना?" आक्षेप बरोबर आहे. परंतु रोपे लावायचा हंगाम या महिन्यात आहे, माझ्या मरणाची तारीख अनिश्चित आहे, आणि मुलीला शिकताना चुकायला जिवंत काका लागतो. म्हणून परसदाराचा ताबा आजच दिला. किल्ली घेताना दिपमाला म्हणाली, "मेलं सगळं, तर रागवायचं नाही, नाना." कबूल केले. शस्त्रक्रियेनंतर परतलो तर मी तिथे दार वाजवून जाईन. ती ड्युटीवर असल्यास बाहेर थांबेन.

लिहून देणार: यादव हिलाल बैसाणे (सही)

आमच्यासमक्ष सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. डॉ. शिल्पा वाडिले (सही)
२. विक्रम खंडू ईशी, किराणा दुकानदार (सही)

शिंदखेडा, रविवार, ८ जून २०२५