बाबांच्या शर्यतीच्या फोटोबाबत खुलासा

ती. दादांना,

धाकट्याचा वाकून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘आम्ही इकडे खुशाल आहोत’ असे लिहायचे असते हे मला ठाऊक आहे, पण पुढचा मजकूर त्या वाक्याशी जुळत नाही, म्हणून ते गाळले आहे. तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींच्या खांद्याला शेक देणे चालू आहे ना? (गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच द्यावी, नाहीतर कातडी भाजते. बाबांच्या वेळी हे माझ्या उशिरा लक्षात आले.) चिरंजीवांचा अभ्यास कसा चालला आहे? हे सर्व फोनवर विचारता आले असते, पण फोनवर तुम्ही नेहमी मीटिंगमध्ये असता, रविवारीसुद्धा. पत्र निदान घरात पडून राहते आणि कोणी ना कोणी ते वाचते.

तुम्ही बाबांसाठी पाठवलेले पळायचे बूट मिळाले. माप बरोबर आहे. सोबतची चिठ्ठीही मिळाली. पेपरातला फोटो तुम्ही ऑफिसात सगळ्यांना दाखवलात, तुमचा ऊर भरून आला, हे वाचून बरे वाटले. पण पुढे तुम्ही लिहिता की बाबा तुमच्यापेक्षाही ठणठणीत दिसतात, इथली हवा त्यांना मानवली आहे, तेव्हा आता त्यांना तिकडे आणण्याचे काही कारण उरले नाही. दादा, येत्या एक तारखेला तुम्ही त्यांना न्यायला येणार होता. तुमचे घर तळमजल्यावर आहे, भोवती भिंत आहे, फाटकाला कुलूप आहे आणि वहिनी दिवसभर घरी असतात. माझ्याकडे एक खोली आहे, बाहेर जिना आहे आणि जिन्याखाली रस्ता आहे. एका फोटोमुळे ठरलेली गोष्ट फिरणार असेल, तर तो फोटो कसा निघाला हे मला सांगणे भाग आहे. थोडे लांबेल. रागावू नका.

आमच्या छापखान्यात यंदा मॅरेथॉनच्या नंबरांचे काम आले होते. पळणारे छातीवर सेफ्टी पिनांनी लावतात, ते नंबर. छापून आलेला प्रत्येक आकडा तपासायचा आणि पुसट, तिरके बाजूला काढायचे, हे माझे काम. (मालक म्हणतात, याला शाळेने अर्ध्यात सोडले, पण याची नजर पदवीधर आहे.) तो कागद कापडासारखा असतो. भिजला तरी फाटत नाही, चुरगळला तरी सरळ होतो. रद्द झालेल्यांपैकी एक कोरा तुकडा मी मालकांना विचारून घरी आणला. बाबा घराबाहेर पडून वाट विसरतात, त्यावरचे माझे सगळे उपाय तोवर थकले होते. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली, तर ती कचरा म्हणून पहिल्या कचराकुंडीत टाकत, इतके ते स्वच्छतेचे भोक्ते. मनगटात नाव-पत्ता कोरलेली पट्टी घातली, तर ती कोणाची तरी पडलेली दिसते म्हणून त्यांनी स्वतः पोलीस चौकीत नेऊन जमा केली आणि तिथून घरचा रस्ता विसरले. पट्टी दुपारी घरी आली, बाबा संध्याकाळी. म्हणून त्या न फाटणाऱ्या कागदावर मी माझा फोन नंबर ठळक काळ्या अक्षरांत लिहिला आणि खाली एक ओळ लिहिली, ‘हे गृहस्थ वाट चुकले आहेत. कृपया वरील क्रमांकावर कळवावे.’ चारही कोपऱ्यांना पिना लावून तो त्यांच्या सदऱ्याला छातीवर टाचला. पाठीवर लावावा असेही मनात आले होते, पण पाठीवरचे मागे असणाऱ्यालाच दिसते, आणि हरवलेल्या माणसाच्या मागे कोणी नसते.

आता तो रविवार. शर्यत आमच्या गल्लीच्या तोंडापासूनच सुटते. सुरुवातीला बंदूक उडवतात असे मी ऐकले होते. यांनी भोंगा वाजवला. दादा, बाबा कामाला होते त्या बाटल्यांच्या कारखान्याचा भोंगा तुम्हाला आठवत असेल. दुसरा भोंगा होईपर्यंत फाटकाच्या आत नसले की अर्धा दिवस कापला जायचा. कारखान्याच्या जागी आता मोटारींचे शोरूम आहे, हे बाबांना कितीदा सांगितले तरी पटत नाही. भोंगा ऐकून त्यांनी खिडकीतून पाहिले असणार, तर सारे गाव एकाच दिशेने जिवाच्या आकांताने पळते आहे. अशा वेळी कोणाही शहाण्या माणसाला काय वाटेल? सगळ्यांनाच उशीर झाला आहे, असेच. यात त्यांची बुद्धी चुकली असे मला म्हणवत नाही. मी गॅलरीच्या टोकाच्या सामाईक न्हाणीघरात होतो. तोंडाला साबण लावलेला. परत आलो तर दार सताड उघडे, फळीवरचा जेवणाचा रिकामा डबा गायब, त्यांची एक चप्पल गायब आणि माझा एक काळा बूट गायब. (पेपरात ‘दोन पायांत दोन पादत्राणे घालून धावणारे अवलिया आजोबा’ असे छापले आहे. ‘पादत्राणे’ शुद्ध छापले आहे, बाकी एकही गोष्ट बरोबर नाही.)

मी तसाच खाली धावलो आणि लगेच अडवला गेलो, कारण माझ्या छातीवर नंबर नव्हता. शिट्टीवाला स्वयंसेवक म्हणाला, “नंबर कुठाय?” मी म्हणालो, माझे वडील पुढे गेलेत. तो म्हणाला, “सगळ्यांचेच गेलेत, साहेब. दोरीबाहेर व्हा.” मी विचारले, मग त्यांना कसे सोडलेत? तर म्हणाला, “त्यांना नंबर होता ना!” एवढा लांबलचक नंबर पाहून शंका आली नाही का, यावर त्याचे म्हणणे पडले की ज्येष्ठांना मोठे नंबर देत असतील. म्हणजे सबंध शहराचे नंबर ज्याने तपासले, तो नंबर नाही म्हणून दोरीबाहेर, आणि ज्याला स्वतःचे नाव आठवत नाही, तो ऐन रस्त्याच्या मधोमध. मग मी फूटपाथवरून, बघ्यांच्या कोपरांतून वाट काढत निघालो. प्रत्येकाला विचारत होतो आणि प्रत्येकाने बाबांना पाहिले होते. हरवलेला माणूस शोधताना इतके साक्षीदार कोणाला मिळाले नसतील.

भंगारबाजार आणि बंगल्यांची वसाहत यांच्या मधली भिंत तुम्हाला माहीत आहे. भिंतीवरून कचरा कोणी कोणाकडे टाकायचा यावर त्यांचा कोर्टात दावा चालू आहे. त्या दिवशी भिंतीतले फाटक उघडे होते. भंगारवाले डबे बडवत होते आणि बंगल्यातल्या बाया संत्र्याच्या फोडी वाटत होत्या, एकमेकांना ‘जरा सरका हो ताई’ म्हणत. हा समेट माझ्या वडिलांवर झाला होता. बाबा तिथे थांबले होते. मला घरी जायचे आहे, असे ते स्पष्ट म्हणाले, हे मला दोन्ही बाजूंच्या लोकांनी सांगितले आणि अभिमानाने सांगितले. “मग आम्ही म्हटलं, काका, असं कसं? शेवटची रेघ गाठल्याशिवाय घर नाही!” आणि चार जणांनी खांद्याला धरून त्यांचे तोंड पुन्हा पुढे केले. मी विचारले, छातीवरची ओळ वाचली नाही का? तर एक बाई म्हणाल्या, “वाचली ना. ‘वाट चुकले आहेत’! किती गोड विनोदबुद्धी या वयात.” (हल्ली लोक छातीवर गमतीची वाक्ये लावून पळतात, हे मला तेव्हाच कळले. तुम्हाला आधीच माहीत असेल.)

हॉस्पिटलच्या रस्त्यावर कोणीतरी त्यांचा डबा काढून घेतला, हात मोकळे राहावेत म्हणून. बाबा तिथे फूटपाथच्या कडेला बसून रडले. लोकांनी ‘काका, काका’ असा गजर केला. एका नर्सबाईंनी त्यांचा पाय पाहिला, कारण माझ्या बुटाने टाच सोलून रक्त मोज्यात उतरले होते. त्यांनी घाईघाईने पट्टी बांधली आणि त्यांना उठवून दिले. मी हात जोडून म्हणालो, बाई, तुम्ही तरी त्यांना थांबवायचे होते. त्या म्हणाल्या, “एवढी गर्दी टाळ्या वाजवत होती. थांबवलं असतं तर मलाच बोलली असती.” आणि ते रडत होते, त्याचे काय? “सगळेच रडतात हो इथे.” हे त्यांनी शर्यतीविषयी म्हटले की हॉस्पिटलविषयी, ते विचारायला मी थांबलो नाही.

एवढ्यात माझा फोन वाजला. मला वाटले, अखेर कोणीतरी ती ओळ वाचून कळवते आहे. पलीकडून शर्यतीचे फोटो विकणाऱ्या एक बाई गोड आवाजात म्हणाल्या की छातीवरचा नंबर पाहून फोन करत आहे, पुलाच्या चढावर आपले फार सुंदर फोटो आले आहेत, फ्रेमसकट हवेत की नुसते? दादा, त्या कागदामुळे आलेला हा एकमेव फोन. पण बाबा पूल चढून गेले, एवढे त्यातून कळले. मी उलट्या बाजूने, शर्यत जिथे संपते ते स्टेडियम गाठले.

तिथे ते होते. शर्यत संपवलेल्यांना ऊब यावी म्हणून देतात त्या चमकत्या कागदात गुंडाळलेले, वेळ नोंदवणाऱ्याच्या टेबलापुढे वाकून उभे. त्याला विनवत होते, “साहेब, लागली का हजेरी? अर्धा दिवस कापू नका. घरी दोन लहान मुलं आहेत.” तो माणूस थकलेला होता आणि थट्टेखोर होता. म्हणाला, “काका, पूर्ण दिवस लावला. वर हा बोनस!” आणि गळ्यात पदक घातले. त्याच क्षणी फोटो निघाला. फोटोत त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज दिसते, जे पाहून तुमचा ऊर भरून आला, ते त्या पूर्ण दिवसाचे आहे. दोन लहान मुलांपैकी एक तुम्ही.

त्यानंतर इथे जे चालले आहे, ते फोटोत आलेले नाही. पायाचे एक नख गेले, दुसरे जाण्याच्या बेतात आहे. डॉक्टर म्हणतात, यांना क्षणभरही एकटे सोडू नका. मालकांनी तो फोटो छापखान्यात माझ्या मशीनच्या वर चिकटवला आहे. मी सुट्टी मागितली की बोटाने तो दाखवतात आणि म्हणतात, “बाप पळतोय, आणि तुला बापाची सेवा करायला रजा पाहिजे?” आणखी एक खाडा झाला तर मशीन दुसऱ्याला देणार आहेत. धावणाऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस फुले घेऊन आले होते, व्याख्यानाचे आमंत्रण द्यायला. बाबांनी त्यांना युनियनचा पुढारी समजून, संपात आमची उपासमार केलीत म्हणून हाकलून दिले. ते खाली जाऊन म्हणाले, काय करारी माणूस आहे! पण सगळ्यात वाईट झाले ते वेगळेच. पूर्वी बाबा जिन्यात दिसले की शेजारी हाताला धरून वर आणून पोचवत. आता ते बाजूला होतात, वाट देतात आणि टाळ्या वाजवतात. गेल्या आठवड्यात ते हमरस्त्याच्या मधोमध चालत होते. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, ओळखले आणि सलाम ठोकला. तुम्ही पाठवलेले बूट फारच चांगले आहेत. आता बाबा मला सापडेपर्यंत बरेच लांब गेलेले असतात. रात्री मी त्यांच्या आणि माझ्या मनगटाला मिळून एक दोरी बांधतो. ते उठले की मी उठतो. ते फार उठतात.

तेव्हा फोटोवर जाऊ नका. एक तारखेला ठरल्याप्रमाणे यावे, ही विनंती. मोठ्यांना माझा नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुमचा,
धाकटा

ता. क. : बाबांचे कपडे, गोळ्या आणि चष्मा मी पिशवीत भरून ठेवला आहे. कोणती गोळी केव्हा, ते डब्यांवर लिहिले आहे. अक्षर मोठे काढले आहे, वहिनींना त्रास होणार नाही.

ता. क. दुसरा : वरचे पुन्हा वाचल्यावर वाटले, तुम्हाला अडचणीत टाकतो आहे. न्यायचे नसेल तर नेऊ नका. नुसते दोन रात्रींसाठी या आणि दोरीचे माझ्याकडचे टोक तुमच्या हाताला बांधा. मला झोपायचे आहे. मूळ विनंती एवढीच होती, ती वर कशी राहून गेली कोण जाणे.

ता. क. तिसरा : हे लिहिणार नव्हतो, पण पाकीट अजून डकवलेले नाही. बाबा अलीकडे मला ओळखत नाहीत. पाळीवरचा कोणी सोबती समजतात आणि सोबत्याशी बोलावे तसे मोकळे बोलतात. काल टाचेला मलम लावत होतो, तर म्हणाले, “तुम्ही कशाला त्रास घेता? माझा थोरला आहे ना. तोच माझं सगळं करतो. भरवतो, आंघोळ घालतो, रात्री उठून पांघरूण घालतो. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.” मी विचारले, आणि धाकटा? म्हणाले, “तो अजून लहान आहे. त्याला काय कळतंय.” मी दुरुस्ती केली नाही. पण ते हे जिन्यात भेटेल त्याला सांगतात, दूधवाल्याला सांगतात, डॉक्टरांनाही सांगून झाले आहे. दादा, एकदा येऊन जा. या वयात बाबा खोटे पडू नयेत.