उरल्यासुरल्याची गिटार

दारव्हा,
१८ नोव्हेंबर २०२४

माझी रुपीबाई,

जय सेवालाल. पाया पडतो.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा कापूस घरी आला का? इथं सोयाबीन निघालं, तूर फुलावर आहे, अन् दुकानात पंपाच्या मोटारींची रांग लागली आहे. पुष्पा नागपुरात मजेत आहे. फोन सोडून पत्र काहून, असं तुले वाटलं असन. फोनवर तू मले बोलूच देत नाहीस, म्हणून.

तर बातमी अशी, की दुकानात एक गिटार आली. माझी नाही. शाळेतून रिटायर झालेल्या इंदुताईंची. त्यांचे मालक नानाजी जहाजावर इंजिनात कामाले होते. कुठल्याशा बंदरावर जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी ती आणली, अन् कधी वाजवली नाही. नानाजी जाऊन बरीच वर्षं झाली. इंदुताई ती चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. म्हणाल्या, मोटारींचं वायंडिंग करता, तर हिचाही आवाज काढून द्या.

बाई, ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं वाजवली, पण अशी वाकडी गिटार मी पाहिली नव्हती. बुडाचा कोणी घास घेतल्यासारखी, अन् डोकं भाल्यासारखं टोकदार. पुष्पानं मोबाइलवर शोधून दिलं. फेंडर कंपनीची, एकोणीसशे एकोणसत्तरची, नाव स्विंगर. न खपलेल्या एका बेस गिटारचं अंग छाटलं, त्याले दुसऱ्या गिटारची मान लावली, झाली ही तयार. फार थोड्या निघाल्या म्हणे.

हे ऐकून इंदुताई हिरमुसतील असं मले वाटलं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, "उरल्यासुरल्यातून बनली तर काय झालं? वाजते का ते पाहा."

तारांखालची कॉइल तुटली होती. तिची तार केसाहून बारीक. मले मोटारीची जाड तार ओढायची सवय, तर घडीघडी तुटे. मग इंदुबाई रीळ धरून बसायच्या अन् मी गुंडाळायचो. दुपारी शाळेच्या गोष्टी सांगायच्या, ओटीतून बोरं काढून समोर ठेवायच्या. काम लवकर झालं असतं. मीच सावकाश केलं.

एक दिवस जुन्या ऍम्प्लिफायरले जोडली अन् ती बोलली. पुष्पाची माय बिजली गेल्यापासून मी गिटारले हात लावला नव्हता, तुले माहीतच आहे. आधी बोटं अडखळली, मग आपोआप चालाले लागली. चहावाला उत्तमसिंग हातातली किटली घेऊन तसाच दारात उभा. इंदू हसत होती अन् पदरानं डोळे पुसत होती.

आता तू विचारशील, ताईची बाई झाली, अन् बाईची नुसती इंदू कशी झाली? तेच सांगायले हे पत्र लिहून राह्यलो.

मले विचारायचा धीर नव्हता. गिटार परत द्यायले तिच्या घरी गेलतो, तर तिनंच दारात म्हटलं, "ही कोणाच्या घरी ठेवायची, हा विचार कायले? आपणच एका घरी राहू." मी चपला न काढताच आत शिरलो.

पुष्पा म्हणे, बापू, आता तरी वेळेवर जेवाल. इंदूच्या भावांनी आधी जात काढली, मग गाव काय म्हणेल ते सांगितलं. तिनं त्यांना चहा पाजला अन् लग्नाची तारीख सांगितली. आपल्या तांड्यातही कुजबुज होईन. त्याची मले भीती नाही. तुझी आहे. याडी गेली तेव्हा तूच लहान होतीस, तरी माझी माय होऊन मले कडेवर घेऊन वाढवलंस.

तेरा डिसेंबरले यवतमाळले रजिस्टर लग्न, संध्याकाळी दुकानासमोर जेवण. स्वतःच्या लग्नात मी स्वतःच वाजवणार आहे. याडी लग्नात म्हणायची ते गाणं बसवून राह्यलो. दुसरी ओळ मले येत नाही. तांड्यात विचारलं, कोणालेच येत नाही. तुलेच येते.

फोन नको करू. दिग्रसवरून जीप धर, मी स्टँडवर उभा राहीन. नाही आलीस तरी लग्न होईन, बाई. पण तेवढी ओळ मी मोकळी सोडीन.

तू वाढवलेला, अजूनही तुझ्या रागाले भिणारा,
नवरदेव धनसिंग