परतीचं कारण: धुराचा वास

२१ नोव्हेंबर

परत पाठवतेय म्हणे! का, तर धुराचा वास!

पिवळी शाल, बदकांच्या काठाची. नव्या बाळासाठी. शेजारच्या वहिनी आणि मी, दोघींनी मिळून विणलेली. बदकांच्या चोची केवढ्या हव्यात यावरून आमचा अबोला झाला होता, इतकं मन लावून! ती ऑनलाइन बाजारातून विकली, समुद्रापार गेली आणि आज मोबाइलवर लाल चौकोन — 'ग्राहकाने वस्तू परत करण्याची विनंती केली आहे. कारण: धूम्रपान होणाऱ्या घरातील वस्तू.'

धूम्रपान! माझ्या घरात! नवरा बस चालवतो, पण आयुष्यात विडीला शिवला नाही. लेक कॉलेजात, तिला फोडणीच्या धुरानेही ठसका लागतो. सासरेबुवांनी छातीचं ऑपरेशन झालं तेव्हाच सिगारेट सोडली, डॉक्टरांनी अक्षरशः हात जोडले होते. उरले मी. माझ्या फक्त डोक्यातून धूर निघतो!

खाली दोन बटणं. 'मान्य' आणि 'मदत'. 'मदत' दाबलं तर मदत काय — 'कृपया मान्य करा.' वा रे न्याय!

२२ नोव्हेंबर

मान्य केलं नाही. बघू काय करतात.

२४ नोव्हेंबर

बाजारवाल्यांनीच केलं. माझ्या वतीने! बाईला पैसे परत, जाण्यायेण्याचा भुर्दंड माझ्या डोक्यावर.

वर एक प्रश्न — 'वस्तू परत मागवायची की तिकडेच नष्ट करायची? नष्ट करणे स्वस्त पडेल.'

नष्ट! आत कात्री घेऊन कुणी बसलेलं असतं का यांच्याकडे? नवरा म्हणाला, "स्वस्त पडतं तर करू दे ना." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो उठून पाणी प्यायला गेला.

'परत' दाबलं. माझं ऑफिस बंद पडलं तेव्हा लोकांनी मला असंच मोडीत काढलं होतं. "आता या वयात काय करणार?" काय करणार ते दाखवलं. माझी शाल कचऱ्यात जाणार नाही.

३ डिसेंबर

दुसरी! निळी, ढगांची. दुसरा देश, दुसरी बाई, कारण तेच. अक्षर न अक्षर तेच! यांचा काय गट आहे की काय?

नवरा म्हणे, "दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. म्हणजे काहीतरी असेल."

"काहीतरी म्हणजे काय?"

"काहीतरी म्हणजे… काहीतरी." आणि पळाला ड्यूटीवर.

मी त्या निळ्या शालवालीला उत्तर धाडलं. भाषांतराच्या यंत्रात घालून — 'आमच्या घरात कोणी ओढत नाही. तुमच्या घरात कोण ओढतं ते बघा.' लेक मागे उभी राहून वाचत होती. "आई, हे पाठवू नकोस गं."

पाठवलं.

४ डिसेंबर

पाचपैकी एक तारा मिळाला. असू दे. तो तरी कशाला दिला तिने!

९ डिसेंबर

पिवळी शाल आली. म्हणजे कस्टमच्या गोदामापर्यंत आली. सोडवून आणायला मीच गेले. खिडकीमागचे साहेब म्हणतात, "बाहेरून आलेला माल आहे. शुल्क भरा."

"साहेब, हिला मी विणलंय. ही माहेरी परत आलीय!"

"पुरावा?"

पाठवतानाचं बिल दिलं, पावती दिली, फोटो दिला. त्यांनी फोटो पाहिला, शाल पाहिली, पुन्हा फोटो. "फोटोत बदकांची तोंडं उजवीकडे आहेत. यात डावीकडे."

"उलटी धरलीय तुम्ही!"

पलटली. बदकं फिरली. पलीकडच्या खिडकीतली बाई खुदकन हसली आणि साहेबांनी तोंड वाकडं करून शिक्का मारला. शुल्क — शून्य! मी शाल अशी छातीशी धरून निघाले, जणू खटला जिंकलेय.

बसमध्येच पिशवी फोडून नाक खुपसलं. काही नाही. किंचित काहीतरी — पण बसच्या धुरात काय डोंबल कळणार!

घरी आल्यावर वहिनींना हुंगायला दिली. त्यांनी डोळे मिटून हुंगली. मग म्हणाल्या, "तुमच्या घरासारखा वास येतोय."

"म्हणजे कसा?"

"आता कसा म्हणजे… तुमच्या घरासारखा. प्रत्येकाच्या घराला असतो की वास."

मला राग आला. चहा दिला, पण अर्धा कप.

१६ डिसेंबर

मदत केंद्राशी बोलले. गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली. गोड आवाज.

"मॅडम, तुमच्या संयमाबद्दल आभारी आहोत."

"मी संयम दाखवलेलाच नाही अजून!"

"मॅडम, आमच्या धोरणानुसार वासाच्या बाबतीत ग्राहकाचं म्हणणं अंतिम असतं."

"आणि माझं?"

"तेही आम्ही नोंदवतो, मॅडम."

कुठे नोंदवतात देव जाणे. पाण्यावर बहुतेक.

२० डिसेंबर

तिसरी. खाली इशारा — परतीचं प्रमाण फार झालंय, आणखी तक्रारी आल्या तर परदेशी विक्री बंद. कायमची.

वहिनींना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी या कमाईच्या भरवशावर मुलाला वसतिगृहात ठेवलंय.

दिवसभर एकच विचार. तयार शाली ठेवते कुठे? सासरेबुवांच्या खोलीत, मोठ्या कपाटात. थंडी पडल्यापासून खिडकी गच्च बंद. आणि त्या खोलीत असतं कोण?

२१ डिसेंबर

ते फिरायला जाऊन आले. कोट खुंटीला अडकवला. मी खिसा तपासला — हो, तपासला! काडेपेटी.

ते जेवायला बसल्यावर समोर धरली. "बाबा, ही कशाला?"

"दिवे जातात अधूनमधून. असावी जवळ."

"बाबा, खरं सांगा. पुन्हा सुरू केलीत ना? माझा धंदा बुडायची वेळ आलीय!"

नवरा मध्ये पडला, "अगं, हळू बोल." मी कशाला हळू बोलू? महिनाभर लांबच्या बायकांशी भांडतेय, आणि चोर घरातच!

सासरेबुवा एवढंच म्हणाले, "या घरात मी सिगारेट पेटवलेली नाही." आणि ताटावरून उठले. मला वाटलं, ओशाळले. बरं झालं.

२३ डिसेंबर

नणंद येऊन घेऊन गेली त्यांना. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही कुणी. नणंद जिन्यात म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेताने, "दोन शालींसाठी माणूस घराबाहेर!"

तीन! तीन शालींसाठी. आणि मी बाहेर काढलं नाही, ते गेले.

नवरा जेवला नाही. मी जेवले. कशी जेवले ते मला माहीत.

२९ डिसेंबर

कपाट रिकामं केलं. आतून पुसलं. सगळ्या शाली पुन्हा धुतल्या, गच्चीवर वाळवल्या, पुन्हा रचल्या. ओल राहू नये म्हणून दोन दिवस खोलीतला हीटर चालू ठेवला. दोन पार्सलं रवाना. आता बघते कोण म्हणतं धूर!

५ जानेवारी

लेकीने सासरेबुवांच्या खोलीत मुक्काम हलवला. परीक्षा जवळ आलीय, आणि तिथे हीटर आहे. दार लावून बसते, रात्री तिथेच झोपते. खोलीला एकदाचा काहीतरी उपयोग.

नवरा त्या खोलीत पाऊल टाकत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलतो — "डबा," "किल्ली," "येतो." मीही कमी नाही. "हं" शिवाय उत्तर देत नाही.

१२ जानेवारी

नवीन पार्सलांपैकी एक — परत! लाल शाल. धुराचा वास!!

सासरेबुवा घरात नाहीत. शाली धुतलेल्या. आता कोण ओढतंय, कपाट?

लगेच लिहायला बसले. घेणारी एक आजीबाई आहे, नातवासाठी घेतली होती. तिला लिहिलं — 'कसला वास, कुठे येतो, सिगारेटचा की विडीचा की चिरूटाचा, नीट लिहा. नाहीतर तक्रार मागे घ्या. माझ्या घरातलं माणूस गेलंय या वासापायी.'

वाचून पाहिलं. शेवटचं वाक्य असं वाटतं की कुणी वारलंच. तसंच ठेवलं. वाटू दे!

१५ जानेवारी

लेकीचं डोकं दुखतंय म्हणे. "अभ्यास टाळायचं ढोंग," मी म्हटलं. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

१७ जानेवारी

दुपारी उत्तर आलं. यंत्राने केलेलं मराठी, वाकडंतिकडं. आधी वाटलं, उलट चढून लिहिलं असणार, आणि मी बाह्या सरसावल्या. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

'प्रिय विणणारी. तुमचे माणूस गेले त्याचे मला दुःख आहे. मी सिगारेट कधीही म्हटले नाही. कारणांची यादी होती. तिच्यात धूर असे एकच कारण होते म्हणून मी ते निवडले. हा वास तंबाखूचा नाही. हा जळणाऱ्या तारेचा वास आहे. मला तो माहीत आहे. आमच्या घराला आग लागली त्याच्याआधी पुष्कळ दिवस तो येत होता. आम्हाला वाटले शेजारी काही जाळतात. नंतर आमचे नाक त्याला विसरले. तुम्ही शाली जिथे ठेवता तिथली भिंत आज बघा. शाल मी परत पाठवत नाही, धुऊन ठेवते, फार सुंदर आहे. फक्त मला लिहा की तुम्ही भिंत बघितली.'

मी उत्तर टाइप करायला घेतलं. 'आमच्या घरातलं वायरिंग' एवढं लिहून झालं आणि बोट थांबलं.

लेक त्या खोलीत होती. दार लावून.

गेले. ती हीटर पायाशी घेऊन, डोकं धरून बसली होती. हीटरची वायर कपाटामागच्या प्लगला. कपाट आणि भिंतीच्या फटीत हात घातला — भिंत गरम! चुलीवरून नुकता उतरवलेला तवा असतो ना, तशी.

धावत जाऊन मेन स्विच पाडला. घरातली वीज बंद. लेक ओरडली, "आई, माझा लॅपटॉप!"

"लॅपटॉप गेला खड्ड्यात! आधी बाहेर ये!"

तिला जिन्यात बसवलं. वहिनी धावत आल्या. मी उभीच होते, बसले नाही. बसले असते तर उठले नसते.

नवऱ्याला फोन केला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा पूर्ण वाक्यं बोललो आम्ही.

१८ जानेवारी

वायरमन आला. कपाट ओढलं, प्लगची पाटी काढली. आत सगळं कोळसा. वायरीवरचं आवरण वितळून खाली ओघळलेलं, आणि कपाटाची पाठ — लाकडाची! — काळी पडलेली. तिच्या पलीकडे माझ्या शालींची चळत. लोकर!

"ही वायर दिव्यासाठी आहे," तो म्हणाला. "हिच्यावर हीटर लावला कुणी?"

मीच लावला होता. थंडी सुरू झाली तेव्हा. म्हाताऱ्या माणसाला ऊब मिळावी म्हणून.

"किती दिवस वास येतोय?"

नवरा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "आम्हाला आलाच नाही. परदेशातल्या चार जणींना आला."

वायरमनला वाटलं, मी चेष्टा करतेय. नवऱ्याने मात्र माझा खांदा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ती खोली सासरेबुवांची. त्यांची उशी त्या प्लगपासून हातभर लांब. त्यानंतर तिथे लेकीची उशी.

आजीबाईंना लिहिलं — भिंत बघितली. आम्ही सगळे आहोत. गेलेला माणूस जिवंत आहे, फक्त रागावून गेलाय. पिवळीवालीला आणि निळीवालीलाही लिहिलं. निळीवालीला दोनदा. विक्री बंद करायची तर करा म्हणावं आता! पुन्हा उघडेन. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या बाजारात. शाली दुसऱ्या खोलीत.

वहिनींना सगळं सांगितलं, तिसऱ्या शालीसकट, इशाऱ्यासकट. त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं होतंत." मग म्हणाल्या, "चहा टाका. पूर्ण कप."

उद्या नणंदेकडे जाणार. काय बोलायचं ते ठरत नाहीये.

१९ जानेवारी

दार सासरेबुवांनीच उघडलं. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं — वायर, भिंत, आजीबाई. "चुकले मी, बाबा. घरी चला."

त्यांनी चपलांत पाय सरकवले. मग हळूच, आत नणंदेला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "ओढतो गं मी. रोज एक. फिरायला गेल्यावर. घरात कधीच नाही."

घरापर्यंत भांडत आलो.