तुंगार्लीच्या बंगल्यातली मुलगी

मावशी, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. तापाच्या साथीत माझे आईवडील गेले आणि अनाथाश्रमाच्या बाईंनी मला बैलगाडीतून आणून तुझ्या दारात उभं केलं, तेव्हा तू भात कांडत होतीस. तुझी पोरं अंगणात खेळत होती. तू मुसळ बाजूला ठेवलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि एवढंच म्हणालीस, "ठिवा हितं. माज्या पोरांत वाडंल." पुढे त्या बाई अधूनमधून यायच्या, मला एकटीला बांधावर नेऊन विचारायच्या, इथं त्रास नाही ना? एकदा मी रागाने सांगून टाकलं, मावशीनं मारलं. त्यांनी तुला विचारलं, तर तू मान खाली घातली नाहीस. "व्हय, मारलं. पुराच्या पान्यात उतरलीती. माजी लेक उतरली असती तर तिलाबी मारलं असतं." त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझ्या कुशीत झोपले.

शिकून मी दुसऱ्या एका संस्थेत लागले. आता पोरक्या मुलांसाठी घरं मीच शोधते. मागच्या वर्षी सात-आठ वर्षांच्या एका मुलीसाठी पवनेच्या काठी एका गावात गेले होते. तिथल्या एका शेतकरीण बाईची एकुलती लेक वारली होती, आणि तिनं आपणहून मूल मागितलं होतं. घर अगदी तुझ्यासारखं. एकीकडे चूल, एकीकडे गुरं, मधे कुडाची भिंत. मावशी, मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि नाकाला पदर लावला. त्याच वासात वाढलेली मी! "मुलीला स्वच्छ जागा हवी," असं सांगून परत फिरले, आणि मुलगी दिली लोणावळ्याला, तुंगार्लीच्या एका बंगल्यात. पेन्शनीत निघालेले साहेब, त्यांची बायको, पुढे बाग, कपाटात पुस्तकं. मला फार बरं वाटलं होतं.

तिला बघायला मी आधी कळवून जायचे. चहा यायचा, मुलगी रिबिनी बांधून समोर उभी राहायची, मी शाळेचं विचारलं की मान हलवायची. तिला जरा बाहेर न्यावं, एकटीला विचारावं, हे मला सुचत नव्हतं असं नाही. त्या बैठकीत तसं म्हणायचा संकोच वाटायचा. या श्रावणात न कळवता गेले, तर दार तिनंच उघडलं. हात कोपरापर्यंत राखेनं भरलेले, बोटांना भेगा. जिन्याखाली गोणपाटावर तिचं अंथरूण. शाळेचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं. साहेबांची बायको म्हणाली, "अहो, मुलीच्या जातीला कामाची सवय असलेली बरी."  मी मुलीचा हात धरून निघाले, तर ती माझ्याकडे बघून घाबरून म्हणाली, "भांडी राहिलीत."

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन त्या पवनेकाठच्या गावी गेले. काय सांगायचं, कसं सांगायचं, ते वाटभर जुळवत होते. त्या बाईनं पोरीला चुलीपुढे बसवलं. पोरीचे हात उलटेपालटे करून पाहिले, भेगांना तेल लावलं, समोर भात वाढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवाच दिली असती तर?"

"चूक झाली माझी."

"तुमचा तरी काय दोस, बाई? तुमी चांगल्या घरच्या. दुसऱ्याच्या दारात वाडायचं म्हंजी काय, तुमास्नी कुटनं कळायचं?"

मी कुठं वाढले, हे संस्थेत मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं की आईवडिलांचं गाव सांगते आणि विषय बदलते. पण तिथं त्या चुलीपुढे आम्ही तिघीच होतो, पोर मन लावून जेवत होती, आणि तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

मी म्हणाले, "खरं आहे."